अंड्याआधीचे महिने: बाल्ड ईगलची विणीची तयारी

बाल्ड ईगल हा उत्तर अमेरिकेतला मासेखाऊ गरुड. अलास्का आणि कॅनडापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत नद्या, सरोवरे आणि समुद्रकिनारे यांच्या आसऱ्याने तो राहतो. पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याचे डोके आणि शेपटी पांढरीशुभ्र, बाकी अंग गडद तपकिरी आणि चोच पिवळीधमक असते. हे रूप यायला साधारण ५ वर्षे लागतात. तोवर पक्षी मळकट, पांढऱ्या ठिपक्यांचा तपकिरी दिसतो. शिकारी पक्ष्यांत सहसा आढळते त्याप्रमाणे याही जातीत मादी नरापेक्षा मोठी, सुमारे पाव हिश्शाने जड असते. जोडी शेजारी शेजारी बसली की हा फरक साध्या डोळ्यांनाही कळतो.

पिल्लांना मासा भरवणाऱ्या गरुडाची छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. त्याआधीच्या महिन्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक हंगाम साधणार की फुकट जाणार, हे बऱ्याच अंशी तेव्हाच ठरत असते. हद्द कोणाच्या ताब्यात राहते, घरटे कोणत्या झाडावर बसते, ते वादळात तग धरण्याइतके पक्के होते का आणि मादीचे अंग अंडी घालण्याइतके भरते का, या सगळ्यांचा निकाल पहिले अंडे दिसण्याआधी लागलेला असतो.

तयारी केव्हा सुरू होते हे प्रदेशावर अवलंबून आहे. फ्लोरिडात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जोड्या घरट्यावर दिसू लागतात आणि नोव्हेंबर ते जानेवारीत अंडी येतात. पेनसिल्व्हेनिया किंवा आयोवासारख्या मधल्या पट्ट्यात शरद ऋतूत काटक्या वाहणे सुरू होते, थंडीत त्याला जोर येतो आणि अंडी बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. अलास्कात एप्रिल संपेपर्यंत वाट पाहावी लागते. या फरकामागचा हिशेब पिल्लांच्या भुकेचा आहे. अंडी उबायला सुमारे ३५ दिवस आणि पिल्लू उडायला त्यानंतर १० ते १२ आठवडे लागतात. पिल्लांची भूक सर्वांत मोठी असेल तेव्हा पाणी मोकळे आणि मासा मुबलक हवा. फ्लोरिडात शिवाय कडक उन्हाळ्याच्या आत पिल्ले उडालेली बरी. पक्ष्याला हा हिशेब कळतो तो दिवसाच्या लांबीवरून. उजेडाचे तास बदलले की शरीरातली संप्रेरके बदलतात, एरवी आकसून गेलेली जननेंद्रिये पुन्हा वाढू लागतात आणि काटकी उचलण्याची ओढ लागते.

जिथे पाणी गोठते तिथले गरुड हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात, तेही मोकळे पाणी मिळेल तेवढेच. धरणांच्या खालच्या अंगाला, जिथे वाहते पाणी गोठत नाही, तिथे अशा वेळी त्यांची गर्दी होते. सौम्य हवामानातल्या जोड्या मात्र वर्षभर आपल्या हद्दीतच असतात. जोडी बहुधा एकाचा मृत्यू होईपर्यंत टिकते, पण ती टिकण्यामागे एकमेकांइतकीच त्या जागेचीही ओढ असते. स्थलांतर करणारे नर-मादी हिवाळा बरोबर काढतातच असे नाही. दोघांची गाठ पुन्हा पडते ती घरट्याच्या झाडावर. जोडीदार गेला तर उरलेला पक्षी जागा सोडत नाही, नवा जोडीदार घेतो, आणि तो मिळायलाही फार काळ लागत नाही. पूर्ण वाढ झालेले पण हद्द नसलेले बरेच गरुड आसपास हिंडत असतात आणि रिकाम्या जागेवर त्यांचा डोळा असतो.

त्यामुळे हंगामाचे पहिले काम हद्द राखण्याचे असते. जोडी उंच, उघड्या फांदीवर बसते. दुरून दिसणारी ती दोन पांढरी डोकी म्हणजे जागा रिकामी नसल्याची खूणच. परका गरुड जवळ आला की दोघे मान मागे टाकून ओरडतात. आवाज ऐकून मात्र अनेकांची निराशा होते. एवढ्या भारदस्त पक्ष्याच्या गळ्यातून बारीक, तुटक, किलबिलाटासारखे सूर निघतात. चित्रपटांत गरुडाच्या तोंडी घातलेली ती लांब, कर्कश किंकाळी बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. ओरडून भागले नाही तर पाठलाग होतो आणि कधीकधी हवेतच नख्यांची झटापट.

जोडीचा प्रणयही हवेतच रंगतो. एक पक्षी दुसऱ्याच्या मागे झेपावतो, पुढचा ऐन वेळी पाठीवर उलटून पंजे दाखवतो. नर उंच चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो आणि पुन्हा वर उसळी घेतो. यातला सर्वांत थरारक प्रकार म्हणजे दोघांनी खूप उंचावर एकमेकांच्या नख्या पकडून गरगरत खाली येणे. जमीन जवळ आली की पकड सुटते. पाहणाऱ्याने इथे जरा सबुरीने अर्थ लावावा, कारण हद्दीवरून भांडणारे दोन गरुडही असेच नख्यांत नख्या अडकवून कोसळतात. गिरक्या संपल्यावर दोघे एकाच फांदीवर येऊन बसले तर प्रणय, आणि एक दुसऱ्याला हद्दीबाहेर हाकलत गेला तर भांडण, असा भेद बहुतेक वेळा करता येतो.

घरट्यासाठी जोडी आसपासच्या झाडांत सर्वांत उंच आणि भक्कम झाड निवडते. पूर्वेकडे व्हाइट पाइन, चेसापीक उपसागराच्या काठी लॉब्लॉली पाइन, फ्लोरिडात स्लॅश पाइन, अमेरिकेच्या मध्य भागातल्या नदीकाठांवर कॉटनवुड आणि अलास्कात सिट्का स्प्रूस ही त्यांची आवडती झाडे. घरटे शेंड्यावर नसते, तर शेंड्याच्या थोडे खाली, जाड फांद्यांच्या बेचक्यात असते. म्हणजे वरून थोडी सावली मिळते आणि खालून आधार. दोन मीटर पंखांच्या पक्ष्याला उतरायला-उडायला एक बाजू मोकळी लागते, आणि पाणी फार दूर नसावे लागते. झाडच नसेल तर गरुड अडून बसत नाही. ॲरिझोनाच्या कोरड्या दऱ्यांत तो कड्यांच्या कपारीत घरटे करतो, तर अल्यूशन बेटांवर, जिथे झाडे उगवतच नाहीत, चक्क जमिनीवर किंवा समुद्रातल्या सुळक्यांवर.

कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. तिथला पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बाल्ड ईगलच्याच कुळातला आहे. पावसाळा सरल्यावर तोही किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर जाड काटक्यांचे मोठे घरटे डागडुजी करून पुन्हा वापरायला घेतो.

घरट्याचे बांधकाम हा या काळातला सर्वांत रंजक भाग आहे आणि तो शांतपणे, तासन्‌तास पाहण्यासारखा आहे. काटकी गोळा करण्याच्या गरुडाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे जमिनीवर उतरून पडलेली काटकी पंजात धरून उडणे. दुसरी पाहताना श्वास रोखला जातो: पक्षी वाळलेल्या फांदीवर वेगाने येतो, नख्यांनी तिला पकडतो आणि अंगाच्या भाराने कडाड्‌दिशी मोडून तसाच पुढे निघून जातो. दर वेळी ते साधतेच असे नाही. फांदी चिवट निघाली तर गरुड तिला लटकतो, पंख फडफडवतो आणि मुकाट्याने दुसरीकडे वळतो. पक्ष्याच्या स्वतःच्या लांबीहून लांब काटकी आणतानाही पाहायला मिळते. अशी काटकी घेऊन फांद्यांच्या गर्दीतून घरट्यावर उतरणे ही कसोटीच असते, आणि निम्म्या वाटेत ती निसटून खाली पडणे हे नेहमीचे.

नवे घरटे करताना आधी जाड काटक्या बेचक्यात आडव्यातिडव्या अडकवून चौकट उभी राहते. मग त्यांच्या फटींत बारीक काटक्या खुपसल्या जातात. इथे दोरी नाही, चिकटवायला काही नाही. सगळी मजबुती काटक्या एकमेकींत गुंतण्यात आहे. पक्षी काटकीचे टोक चोचीत धरतो, ढकलतो, हलवून पाहतो, उपसतो आणि दुसऱ्या फटीत घालतो. आणण्यात नर पुढे आणि रचण्यात मादी पुढे, असे साधारण चित्र दिसते, पण दोन्ही कामे दोघेही करतात. मतभेदही होतात. नराने काठावर ठेवलेली काटकी मादी उचलून पलीकडे नेते, नर ती परत आणतो आणि दोघे दोन टोके धरून ओढत राहतात. या ओढाताणीत शेवटची जागा बहुधा मादीच्या मनासारखी ठरते. काठावर उभ्या-आडव्या काटक्यांचा कठडा तयार होतो. पुढे पिल्ले रांगू लागल्यावर त्याचाच आधार असतो, म्हणून त्या कठड्यावर मादी घेत असलेली मेहनत दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

जुन्या घरट्याचे काम वेगळे. पावसाळ्याआधी घर शाकारावे तशी जोडी दरवर्षी त्यावर नवा थर चढवते. हिवाळ्यात खचलेला भाग भरून निघतो, काठ उंचावतो आणि घरटे वाढत जाते. सर्वसाधारण घरटे दीड मीटरच्या आसपास रुंद आणि मीटरभर खोल असते, पण वर्षानुवर्षांच्या भरीने त्याचे प्रचंड ढीग होतात. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गजवळ १९६३ मध्ये मोजलेले घरटे २.९ मीटर रुंद आणि सुमारे ६ मीटर खोल होते. त्याचे वजन दोन टनांहून जास्त असावे असा अंदाज केला गेला. ओहायोत ईरी सरोवराकाठी व्हर्मिलियन इथले एक घरटे तीस वर्षांहून अधिक काळ वापरात राहिले आणि मार्च १९२५ मधल्या वादळात झाडासकट कोसळले. एवढी भर घालणाऱ्या जोडीला झाडाची सोसण्याची ताकद मोजता येत नाही. बरीच मोठी घरटी स्वतःच्या वजनाने किंवा झाड कुजल्याने पडतात.

म्हणूनच अनेक जोड्यांच्या हद्दीत एकाहून जास्त घरटी असतात. एखाद्या वर्षी जोडी दोन्हींवर काटक्या वाहते आणि कोणत्यात अंडी घालणार याचा पत्ता शेवटपर्यंत लागू देत नाही. घरटे बदलण्यामागे जुन्या घरट्यातले परजीवी किडे, मागच्या वर्षीचे अपयश किंवा झाडाची बिघडलेली अवस्था अशी कारणे असू शकतात. कधी कारण सरळ बेदखल होणे हेच असते. ग्रेट हॉर्न्ड आऊल हे मोठे शिंगळे घुबड स्वतः घरटे बांधत नाही आणि गरुडाच्याही आधी, भर थंडीत अंडी घालते. रिकामे सापडलेले गरुडाचे घरटे त्याला आयतेच मिळते, आणि एकदा घुबडीण अंड्यांवर बसली की तिला उठवणे गरुडालाही जड जाते. त्यामुळे अंडी दोन महिने दूर असतानाही जोडी घरट्यावर रोज हजेरी लावते तेव्हा ती काटक्यांबरोबर ताबाही पक्का करत असते. चिमण्यांसारखे छोटे पक्षी मात्र याच घरट्याच्या खालच्या काटक्यांत बिनधास्त संसार थाटतात; गरुड त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

या कामाचा वेग किती असू शकतो हे फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स इथल्या एका जोडीने दाखवले. कॅमेऱ्यांमुळे जगभर माहीत असलेल्या या जोडीतली मादी हॅरिएट आणि नर एम१५. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले आणि विणीच्या अगदी तोंडावर त्यांचे घरटे उद्ध्वस्त झाले. दोघे परतले आणि त्याच स्लॅश पाइनवर नव्याने काटक्या रचू लागले. डिसेंबर उजाडून काही दिवस होतात तोच नव्या घरट्यात दोन अंडी होती. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये हॅरिएट एका सकाळी उडून गेली ती परतलीच नाही. एम१५ ने दोन्ही पिल्ले एकट्याने वाढवली. पुढच्या हंगामाची चाहूल लागली तेव्हा त्याच झाडावर नवी मादी त्याच्या शेजारी होती.

घरट्यावर नजर ठेवून गरुड समजून घेण्याची परंपरा अशा कॅमेऱ्यांहून बरीच जुनी आहे. क्लीव्हलंडचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२० च्या दशकात व्हर्मिलियनच्या घरट्यांचा अभ्यास करण्यासाठी शेजारी उंच पोलादी मनोरा उभारला आणि वर बसून नोंदी केल्या. त्यांचे ‘द अमेरिकन ईगल’ हे पुस्तक १९३४ मध्ये आले. त्यांच्यानंतरचे मोठे नाव चार्ल्स ब्रोली यांचे. कॅनडातल्या बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस १९३९ पासून फ्लोरिडातल्या उंच पाइनवर दोरांनी चढू लागला आणि दोन दशकांत त्याने बाराशेहून अधिक पिल्लांच्या पायांत कडी घातली. फ्लोरिडातले कोवळे गरुड उन्हाळ्यात पार कॅनडापर्यंत जातात हे त्या कड्यांमुळे कळले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रोलींना फार अस्वस्थ करणारी गोष्ट दिसू लागली. जोड्या घरट्यावर येत होत्या, काटक्या रचत होत्या, पण पिल्ले दिसेनाशी झाली होती. काही जोड्या तर अंडीच घालत नव्हत्या. डीडीटी या कीटकनाशकावर त्यांनी बोट ठेवले. राशेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यांच्या नोंदींचा आधार घेतला. माशांतून गरुडाच्या शरीरात साठणारा डीडीटीचा अंश अंड्याचे कवच इतके पातळ करतो की उबवतानाच ते फुटते, हे पुढे सिद्ध झाले.

१९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर विणीच्या केवळ ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, शिकारीविरुद्धचा १९४० चा कायदा होताच, आणि हळूहळू घरटी पुन्हा नांदू लागली. २००७ मध्ये बाल्ड ईगलचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून निघाले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने मुख्य भूमीवर ७१,४६७ जोड्या असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. संख्या इतकी वाढल्यानेच आज शहरांच्या कडेलाही जोडीची तयारी पाहता येते, आणि त्यातूनच जवळ जाण्याचा मोह वाढतो.

हा मोह आवरलाच पाहिजे, आणि त्यासाठी सबळ कारण आहे. पिल्ले असताना पालक घरट्याला धरून राहतात, कारण त्यांचे बरेच काही पणाला लागलेले असते. प्रणय आणि बांधकामाच्या काळात मात्र त्यांचा जीव अजून घरट्यात अडकलेला नसतो. वारंवार त्रास झाला तर जोडी जागाच सोडते. म्हणून याच टप्प्याला तज्ज्ञ सर्वांत नाजूक मानतात. वन्यजीव सेवेच्या मार्गदर्शक सूचनांत घरट्यापासून ३३० फूट, म्हणजे सुमारे १०० मीटर अंतर पायी हिंडणाऱ्यांसाठी सांगितले आहे, आणि घरट्यावरून दिसेल अशा बांधकामासारख्या कामांसाठी ६६० फूट. प्रत्यक्षात चांगली दुर्बीण किंवा तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप असेल तर याहून दूर बसूनही सारे काही दिसते. पाहणाऱ्याची हालचाल सुरू होताच पक्षी काम थांबवून त्याच्याकडे रोखून पाहू लागला किंवा ओरडू लागला, तर अंतर कमी पडते आहे असे समजून मागे सरावे. घरट्यावरचे कॅमेरेही याच जाणिवेने विणीचा हंगाम नसताना, जोडी काटक्या आणू लागण्याआधी बसवले किंवा दुरुस्त केले जातात.

कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर सरोवराजवळच्या जॅकी आणि शॅडो या जोडीमुळे तयारीचा शेवटचा टप्पा असंख्य लोकांना पहिल्यांदा बारकाईने दिसला. सॅन बर्नार्डिनो पर्वतात, सरोवराकाठच्या जेफ्री पाइनवर, जमिनीपासून सुमारे ४४ मीटर उंचीवर त्यांचे घरटे आहे. इथे अंडी जानेवारीच्या अखेरीस, भर बर्फात येतात. त्याआधीच्या आठवड्यांत काटक्यांची जागा मऊ सामान घेते: वाळके गवत, सालींचे धागे, पाइनच्या सुया. इतर प्रदेशांत शेवाळ, मक्याची पाने किंवा फ्लोरिडात झाडांवरून लोंबणारे स्पॅनिश मॉस वापरतात. घरट्याच्या मध्यावर, कठड्यापासून दूर, मादी हे सारे पसरते आणि त्यात बसून छातीने दाबत, पाय मागे ढकलत, हळूहळू फिरते. अशा अनेक फेऱ्यांतून उथळ वाटी तयार होते. अंड्यांच्या भोवती ऊब धरून ठेवणारी ही वाटीच खरी गादी. तिच्याखालचा टनावारी ढीग म्हणजे नुसता पाया.

मीलन अंड्यांच्या काही आठवडे आधीपासून, घरट्यात किंवा शेजारच्या फांदीवर होते. मादी पुढे झुकते, नर तिच्या पाठीवर चढतो आणि आपल्या नख्यांनी तिला इजा होऊ नये म्हणून पंजे मुठीसारखे मिटून घेतो. सगळे काही सेकंदांत आटोपते. याच दिवसांत नर मासे आणून घरट्यावर ठेवू लागतो आणि मादीचे शिकारीला जाणे कमी होते. अंड्यांसाठी लागणारे प्रथिन आणि कॅल्शियम तिच्या शरीरात जमत असते. तिच्या पोटावरची पिसे विरळ होऊन तिथली उघडी कातडी रक्तवाहिन्यांनी उबदार होते, म्हणजे अंडी थेट त्वचेला टेकतात. अगदी शेवटच्या दिवसांत ती सुस्तावते, तासन्‌तास वाटीत बसून राहते आणि कधी रात्रही घरट्यावरच काढते. अनुभवी निरीक्षक ‘आता दोन-चार दिवसांत’ असे म्हणतात ते हे पाहून.

मग पहिले अंडे येते: पांढुरके, सुमारे ७ सेंटीमीटर लांब. दुसरे, आणि असलेच तर तिसरे, दोन ते चार दिवसांच्या अंतराने येते. २०२५ मध्ये जॅकीने २२, २५ आणि २८ जानेवारीला अशी तीन अंडी घातली आणि तिन्हीतून मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पिल्ले बाहेर आली. त्यांपैकी एक मार्चमधल्या वादळात दगावले. सनी आणि गिझ्मो ही दोन जूनमध्ये उडाली. त्याआधीच्या वर्षी त्याच घरट्यात, तितक्याच निगुतीने केलेल्या वाटीत आलेल्या तीन अंड्यांपैकी एकही उबले नव्हते, आणि जोडी नेहमीच्या मुदतीच्या पलीकडे कितीतरी दिवस त्यांच्यावर बसून होती. पहिले अंडे आले की उबवणे लगेच सुरू होते, पण काटक्या आणणे थांबत नाही. पाळी बदलायला येणारा पक्षी चोचीत गवताचा झुबका किंवा एखादी काटकी घेऊनच उतरतो, बसलेल्या जोडीदाराच्या अंगावरून ती पलीकडे ठेवतो आणि कठडा पुन्हा नीट करूनच अंड्यांवर बसतो.